पुढच्या तारखांचे चेक

पाच सप्टेंबर, पाच जानेवारी, पाच एप्रिल.
तिन्ही चेकवर सह्या करून दिल्या
तर काउंटरमागची बाई म्हणाली,
सर, सही तंतोतंत जुळायला हवी.
घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर
मी माझंच नाव वीसदा गिरवलं,
पहिलीतल्यासारखं.

शारजात, अबू शगाराला, एक खोली. मधे पडदा.
पडद्यापलीकडे दापोलीचा बशीर मुकादम,
तो घोरतो त्या तालावर
प्रणिता हिशेब मांडते.
ट्यूशन फी. बस फी.
पुस्तकं, जी फक्त त्यांच्याच दुकानात मिळतात.
मोजे, त्यांवरसुद्धा शाळेचं चिन्ह.
मी विचारलं, बुटातला मोजा बघतो कोण?
दुकानदार म्हणाला, बघतात.

शिवाय 'उपक्रम' म्हणून दीडशे दिरहम.
कसला गं उपक्रम?
वाळवंट दाखवायला नेलं, बाबा.
खिडकी उघडली की आत येतं ते,
रोज फडक्याने टीव्हीवरून पुसतो आम्ही ते.
दीडशेला.

जानेवारीचा चेक परत आला.
कंपनीने पगारच सतराला केला,
आणि तारीख तर मी स्वतःच्या हाताने घातलेली, पाच.
दंड बँकेचा वेगळा, शाळेचा वेगळा.
गुणांच्या जागी स्क्रीनवर एकच लाल ओळ:
कृपया लेखा विभागाशी संपर्क साधावा.
आणि परीक्षेच्या सकाळी
सहावी 'फ'मधल्या कृपाली तांडेलला
बाकावरून उठवून वाचनालयात बसवलं.

फोन आला तेव्हा मी अजमानला होतो,
एका व्हिलाच्या गच्चीवर, एसीच्या पोटात हात घालून.
बसमध्ये सगळी वाक्यं जुळवून ठेवली,
बाळा, यात तुझी काही चूक नाही, वगैरे.
दार उघडलं तर पोरगी उड्या मारत होती.
बाबा, आज एकही तास नाही!
मी, दोन केरळची मुलं, एक हैदराबादचा,
दिवसभर नुसतं वाचायचं. कुणी ओरडलंच नाही.

ज्यासाठी एवढे पैसे भरतो
ते तिला न भरल्यावर मिळालं.

मग जेवताना तिचं सुरू झालं.
इथली माणसं ना, तेलाच्या आधी, मोती काढायची.
नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि बुडी.
पण हंगामाआधीच नाखुदाकडून उचल घ्यायची.
मोती नाही सापडले तर उचल पुढच्या हंगामावर.
बाप मेला तर मुलावर.
भात थंड होत होता.
बाबा, नाखुदा म्हणजे काय?
म्हटलं, आपला नाखवा गं. हर्णैला म्हणतात तो.
होडीचा मालक?
हो.
मग आपला कोण?

प्रणिताने ताट उचललं, माझं होण्याआधीच.
पडद्यापलीकडचं घोरणं केव्हा थांबलं होतं
कळलं नाही मला.
झोपताना उशीखाली हात गेला
तर घडी घातलेले आठशे दिरहम,
ना चिठ्ठी, ना तारीख.
बशीरच्या दोन मुली चिपळूणला शिकतात.
त्यांचीही फी जूनमध्ये असते.

दुसऱ्या दिवशी रोख भरले, दंडासकट.
बाईने पावती दिली, वर हसलीही.
म्हणाली, पुढच्या वर्षीची जागा आत्ताच पक्की करा,
मार्चनंतर आठ टक्के वाढ आहे.
मी मान हलवली. कशाला हलवली
ते अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी बाथरूममध्ये बादली भरून
कृपालीने नाक चिमटीत धरलं.
मोज हं, बाबा. खरं खरं मोज.
केस पाण्यावर पसरले.
मी मोजू लागलो. दहा. अकरा.
वीसला वाटलं पुरे, हाक मारावी.
तिचा एक हात वर होता,
थांब म्हणणारा.
चौतीसला ती वर आली, लालबुंद, हसत,
डोळ्यांतलं पाणी निपटत म्हणाली,
आता तू.

मी चष्मा काढून
सिंकच्या कडेला ठेवला.